पावाची व्हॅन आणि खर्जसाहेब

आमचे हे ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास होऊन घरी आले, तेव्हा मी एका कोटाला अस्तर लावत बसले होते. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. नाहीतर त्या क्षणी तोंडातून जे बाहेर पडलं असतं ते पाळकाच्या बायकोला अजिबात शोभलं नसतं.

"काय झालं?" मी टाचण्या सांभाळत विचारलं.

"चौक," हे म्हणाले आणि बूट काढायला बसले.

"चौकाला काय झालं?"

"चौकाला काही नाही झालं. मी थांबलो. एक बाई लेकराला घेऊन उभ्या होत्या, त्यांना म्हटलं जा. मग एक टेम्पोवाला होता, त्यालाही म्हटलं जा. मग एक सायकलवाला, बिचारा घामाघूम झालेला..."

"आणि?"

"आणि मागे रांग लागली, पार वळणापर्यंत. खर्जसाहेब म्हणाले, पाळकसाहेब, आता आपणही जायचं का? पण तोवर परीक्षेची वेळ संपली होती."

एवढं सांगून हा माणूस हसला. मी टाचण्या काढून उशीत खुपसल्या, जरा जोरातच. पहिल्या वेळी खर्जसाहेबांनी विचारलं होतं, धुकं असेल तर काय कराल. यांनी उत्तर द्यायला दोन्ही हात वर केले, रविवारी पुलपिटवर उपदेश देताना करतात तसेच, आणि गाडी निघाली गटाराकडे. दुसऱ्या वेळी हात जागेवर होते, पण उत्तर देताना हे खर्जसाहेबांच्या डोळ्यांत बघत राहिले. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं ही यांची जुनी सवय. चर्चच्या मंडळीतल्या माणसांना ती फार आवडते. रस्त्याकडेच्या कुंपणाला आवडली नाही.

या परीक्षेचा आमच्या घरात एवढा घोर का होता, ते सांगते. आमचं चर्च लहान. मंडळीतली सहा म्हातारी माणसं टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहतात. एरवी तिथून खाली यायला बस आहे, रविवारी नाही. म्हणजे ज्या दिवशी त्यांना यायचं असतं नेमका तोच दिवस कोरडा. त्या सहांत आमच्या ऑर्गनवाल्या आजी. माझ्या लग्नात ऑर्गन त्यांनी वाजवला होता आणि त्याच्या आधीही कितीतरी वर्षं त्याच वाजवत होत्या. पुढे गुडघे गेले आणि त्या टेकडीवर अडकल्या. मी भेटायला गेले की दर वेळी तेच म्हणायच्या, "मला वाजवायला नको गं. नुसतं त्या बाकावर शेजारी बसायचंय. पानं उलटून देईन." त्यांचं ते 'पानं उलटून देईन' ऐकलं की मला उतार उतरताना रस्ता नीट दिसायचा नाही.

मग आमच्या पाववाल्याने दुकान बंद केलं आणि लेकीकडे राहायला जाताना आपली व्हॅन मंडळीला देऊन टाकली. सुताराने आतल्या फळ्या काढून सीटा बसवल्या. सगळं झालं, पण वास जाईना. व्हॅनमध्ये बसलं की भट्टीतून आत्ताच काढलेल्या पावाचा वास येतो आणि जेवण झालेलं असलं तरी भूक लागते. बाहेरच्या अंगाला एक भला मोठा पाव रंगवलेला होता. त्यावर रंग मारायचा का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "राहू दे. तो काही आपल्याला परका नाही."

व्हॅन आली, चालवायला कोणी नाही. ज्यांच्याकडे लायसन्स होतं त्यांच्या रविवारी कामाच्या पाळ्या. राहिले घाईकाका. हे आमच्या मंडळीच्या कमिटीवरचे. यांचा जन्मच घाईत झालेला असणार. प्रार्थनेतसुद्धा ते आमेन इतरांच्या आधी म्हणून मोकळे होतात. काका चालवायला एका पायावर तयार होते, पण त्यांच्या गाडीत एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसायला तयार नव्हता. तेव्हा यांनी ठरवलं, पाळक म्हणून हे आपलंच काम, आपणच शिकायचं.

आणि परीक्षा घेणारे कोण, तर खर्जसाहेब. आमच्याच मंडळीतले, तिसऱ्या बाकावरचे. गाण्यातला खालचा सूर आमच्याकडे तेवढा एकटे तेच लावतात, म्हणून हे नाव. रविवारी सकाळी लोकांना सुट्टी असते म्हणून त्यांच्या कार्यालयात परीक्षा जास्त. त्या उरकून ते पहिल्या गीताच्या अधेमधे धापा टाकत येतात, आणि ते आले की गाण्याला तळ येतो. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर त्यांना गाडीचं नावही नको असतं, म्हणून स्वतः सायकलवर फिरतात. परीक्षा घेताना ते 'वळा', 'थांबा', 'मागे घ्या' यापलीकडे बोलत नाहीत, फक्त गुणगुणतात. गावातल्या शिकाऊ पोरांना हे पाठ आहे. गुणगुण चालू तोवर सगळं ठीक, थांबली की चुकलात. यांच्या तिन्ही परीक्षांत ती चौकापलीकडे टिकली नव्हती.

आणि हो, ऑर्गनवाल्या आजी या खर्जसाहेबांच्या आई. तरी हा माणूस ज्याच्यामुळे आपली आई चर्चला येऊ शकेल त्यालाच तीनदा नापास करतो! मला त्याचा असा संताप आला होता की विचारू नका.

त्याच आठवड्यात कमिटी आमच्या बाहेरच्या खोलीत बसली. घाईकाका पाणी पिण्याच्या आधीच बोलायला लागले.

"पाळकसाहेब, माझं ऐका. पलीकडच्या शहरात एक कार्यालय आहे. तिथला माणूस माझ्या भाच्याच्या ओळखीचा. गाडीत बसावंही लागत नाही. जायचं, फोटो काढायचा, लायसन्स घेऊन यायचं."

"आणि गाडी चालवता येण्याचं काय?" यांनी विचारलं.

"ते येईल हो हळूहळू! रविवारी रस्ते रिकामे असतात."

मला इथे गप्प बसता आलं असतं. पण मी आतल्या दारात उभी राहून म्हटलं, "काका बरोबर बोलतायत. आपण काय मजा मारायला मागतोय का? म्हातारी माणसं चर्चला आणायचीत. देवाच्या कामाला एवढं चालतं."

यांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत, त्यांच्या पद्धतीने. गेले काही रविवार हे शहाणपण या विषयावरच बोलत होते. रोज सकाळी चहाच्या आधी टेबलाशी बसून 'प्रभू, मला शहाणपण दे' अशी प्रार्थना करायचे, आणि मी किटली ठेवता ठेवता म्हणायचे, "आधी गिअर द्या म्हणावं."

"अगं," हे म्हणाले, "आजी माझ्या मागे बसणार. लायसन्स खोटं असलं तरी समोरचा खांब खरा असेल."

कमिटीत कुणीतरी खोकलं. काकांनी सगळ्यांच्या आधी आमेन म्हटलं आणि सभा संपली.

पण माझं समाधान झालेलं नव्हतं. दोनच दिवसांनी खर्जसाहेब नवी पँट घेऊन आले. लांबी कमी करून हवी होती. आयतेच सापडले! मी त्यांना स्टुलावर उभं केलं, पायाशी बसले आणि पट्टी दुमडून टाचण्या लावायला घेतल्या. माणूस स्टुलावर आणि टाचण्या माझ्या हातात, यापेक्षा चांगली वेळ कुठली?

"साहेब," मी म्हटलं, "माणसाने अगदीच काटेकोर असू नये."

"कुठली बाजू?" त्यांनी घाबरून खाली बघितलं. "आखूड झाली का?"

"पँटचं नाही बोलत. तुम्हाला ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतेय. हे काही वाईट माणूस नाहीत. चौकात लोकांना वाट दिली म्हणून नापास? वाट देणं हा काय गुन्हा झाला?"

ते आल्यापासून बारीक गुणगुणत होते, तेवढं बंद झालं. मी दुसऱ्या पायाकडे वळले.

"एकदा डोळेझाक केली असती तर काय आकाश कोसळलं असतं? चांगल्या कामासाठी? उद्या देवाने विचारलं तर माझ्या नावावर टाका."

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "त्या व्हॅनमध्ये पहिली बसणारी माझी आई आहे."

मी टाचणी लावायची थांबले.

"दर रविवारी संध्याकाळी मी सायकलने वर जातो," ते म्हणाले. "ती विचारते, गाडी झाली का रे? मी म्हणतो, अजून थोडं थांब आई. घरी येईपर्यंत तेच डोक्यात असतं. तुम्हाला काय वाटतं, मला पास करायचं नाहीये?"

मला एवढी शरम वाटली की पुढची टाचणी मी माझ्याच बोटात घुसवली. त्यांनी ते बघून घाईघाईने खिशातून रुमाल काढला आणि स्टुलावरून पडता पडता वाचले. मग दोघांनाही हसू आलं. पँट मी अगदी मन लावून शिवली. वर इस्त्रीही करून दिली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर यांनी खर्जसाहेबांना दारापाशी गाठलं. मी मागेच होते.

"खरं सांगा साहेब, मला कधी जमेल का?"

खर्जसाहेबांनी बराच वेळ बुटांकडे बघितलं. "पाळकसाहेब, तुम्हाला रस्त्यात माणसं दिसतात. सगळी दिसतात, एकूण एक. पण चालवणाऱ्याला रस्ता दिसावा लागतो हो."

घरी आलो. जेवणं झाली. मी एका शाळेच्या गणवेशांचं राहिलेलं काम काढून मशीनवर बसले. हे समोर खुर्ची ओढून बसले आणि बघायला लागले, खाली, माझ्या पायाकडे.

"काय बघताय?"

"तुझा पाय."

"इतकी वर्षं नाही बघितला तो?"

"नीट नाही बघितला," हे म्हणाले. "मी रोज शहाणपण मागत होतो. मला वाटायचं, उत्तर आलं म्हणजे मला गाडी जमेल. तीनदा उत्तर आलं गं. खर्जसाहेबांच्या तोंडून आलं. मीच ऐकत नव्हतो. हे काम माझं नाही."

"मग कुणाचं?"

"तू कोपऱ्यावर येतेस तेव्हा पाय कसा हलका करतेस बघ. मशीन थांबत नाही आणि धावतही नाही. क्लचवर मला तेवढंच जमत नाही."

मी हसले. मग हसायची थांबले, कारण हे हसत नव्हते. मी म्हटलं माझं वय बघा. म्हटलं माझ्या डोक्यावर शिवणाचा ढीग आहे. म्हटलं लोक काय म्हणतील, पाळक मागे आणि पाळकाची बायको पुढे! हे म्हणाले, "लोक म्हणतील, बरं झालं."

शिकले. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या, पण पहिल्याच दिवशी म्हणाल्या, पाय छान आहे तुमचा. त्या दिवसापासून मला आमच्या घरात राहायची सोय नव्हती, हे येणाऱ्या जाणाऱ्याला तेच ऐकवायचे. गिअर जमला, चढ जमला, चौकही जमला. चौकात मी माणसांना वाट द्यायचे आणि मग स्वतःही निघायचे. एकच गोष्ट छळायची, मागे घेणं. परीक्षेच्या कार्यालयाच्या अंगणात नारिंगी प्लास्टिकच्या उंच टोप्या मांडलेल्या असतात, त्यांच्या मधून गाडी मागे घ्यायची. एकही टोपी लागली तर नापास, मग बाकी सगळं कितीही छान असो.

परीक्षेचा रविवार आला. आमचीच व्हॅन, पावाच्या वासाची. फाटकाबाहेर हे उभे, शेजारी घाईकाका. काकांच्या हातात फुलांचा गुच्छ, निकालाच्या आधीच आणलेला. खर्जसाहेब शेजारी बसले, पट्टा लावला, मंडळीत बसतात तसे ताठ.

"चला," ते म्हणाले, आणि फाटकाबाहेर पडताच गुणगुण सुरू झाली.

खालचा सूर एकटा ऐकला तर गाणं कुठलं ते कळत नाही. पण मी इतकी वर्षं त्याच चर्चमध्ये बसलेय. हे उपासनेच्या शेवटचं गीत होतं. वरचा सूर माझ्या डोक्यात आपोआप चालू झाला आणि आम्ही दोघं मिळून गाव फिरलो. चौक झाला, गुणगुण चालू. चढावर थांबून पुन्हा निघाले, गुणगुण चालू. समोरून एक कुत्रं आडवं आलं, मी थांबले, ते गेलं, मी निघाले. सूर जरासुद्धा हलला नाही. माझी छाती अशी फुगली की पट्टा आवळायला लागला.

अंगणात परत आलो. "मागे घ्या," ते म्हणाले. मी आरशात बघितलं, पाय हलका केला, चाक वळवलं. ते त्यांच्या बाजूच्या आरशात बघत होते, मी माझ्या. गाडी टोप्यांमध्ये शिरत गेली आणि मला माझ्या आरशात शेवटची टोपी डुलताना दिसली. बंपर तिला हलकाच टेकला होता. ती जराशी कलली, जागच्या जागी गोल फिरली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

गुणगुण चालूच होती.

मी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. खर्जसाहेबांनी पेन काढलं. ते शेवटच्या ओळीवर आले होते, जिथे सूर खाली खाली जातो आणि सगळं गीत त्याच्यावर टेकतं. चेहरा असा उजळलेला की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. काचेतून मला फाटक दिसत होतं. काका गुच्छ हलवत होते. हे हात जोडून उभे होते आणि डोळे मिटलेले होते, म्हणजे आत काय मागणं चाललंय ते मला माहीत होतं.

मी मनाशी म्हटलं, टोपी पडलेली नाही. नुसती हलली. वाऱ्यानेही हलते. आजी वर वाट बघतायत. आणि हा माणूस आज किती आनंदात आहे, कशाला त्याच्या आनंदावर पाणी ओतायचं? चांगली कारणं होती, एकापेक्षा एक. मग मला माझं मशीन आठवलं. कोटाच्या आत अस्तराखाली शिवण वाकडी गेली तर ती कुणालाही दिसत नाही. गिऱ्हाइकाला आयुष्यात कळत नाही. पण मी ती उसवते. आजवर एकही तशी सोडलेली नाही, आणि त्याचा मला गर्व आहे, उगाच कशाला खोटं बोलू? कापडाच्या बाबतीत जे करत नाही ते मी आजींच्या बाबतीत करणार होते?

"साहेब," मी म्हटलं. "माझ्या बाजूची शेवटची टोपी लागली."

सूर अर्ध्यावर थांबला.

"कधी?"

"आत्ता. मागे घेताना."

त्यांनी मान वळवून बघितलं. "उभी आहे की."

"डुलली आणि उभी राहिली."

"मला नाही दिसली."

"मला दिसली."

ते माझ्याकडे बघत राहिले. पेन तसंच हातात. "वहिनी, तुम्ही हे कशाला सांगितलंत?"

"पहिली बसणारी तुमची आई आहे," मी म्हटलं.

खर्जसाहेबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढून पुसला. मग त्यांनी कागदावर लिहिलं आणि तोंडभर हसत माझ्याकडे वळले.

"नापास!" ते म्हणाले.

मला आजवर बऱ्याच गोष्टींत बऱ्याच लोकांनी नापास केलंय, पण इतक्या आनंदाने कुणीच नाही. उतरून त्यांनी माझ्यासाठी गाडीचं दारसुद्धा उघडलं.

फाटकाशी घाईकाका गुच्छ पुढे करून मोकळेच झाले होते. "अभिनंदन! अभिनंदन! काय? नापास? अहो, का?" मी सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला. "टोपी उभी आहे, त्यांना दिसली नाही, मग तुम्हाला सांगायची काय गरज होती? काय म्हणावं या बाईला!" आणि गुच्छ परत घ्यावा की देऊन टाकावा, हे न कळल्यामुळे त्यांनी तो यांच्या हातात कोंबला. हे गुच्छ घेऊन माझ्याकडे बघत होते आणि असे हसत होते की मला राग आला.

"हसायला काय झालं? परत परीक्षा द्यावी लागणार! अजून एक रविवार आजी वर अडकणार!"

"हो ना," हे म्हणाले आणि गुच्छ मला दिला. डोळे भरलेले होते. मग मलाही रडू आलं, आणि काका म्हणाले, "चला चला, उपासनेला उशीर होतोय."

त्या रविवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले आणि खूप रागावलेली होते. देवावर थोडी, टोपीवर जास्त. खरं बोललं की मन हलकं होतं, असं हे नेहमी सांगतात. माझं मुळीच झालं नव्हतं. मला आजींचा चेहरा दिसत होता. संध्याकाळी खर्जसाहेब सायकल हाकत वर जातील, आई विचारेल, गाडी झाली का रे, आणि ते पुन्हा म्हणतील, थांब अजून. माझ्यामुळे. घरी येऊन मी शहाण्यासारखं काहीच केलं नाही. अंगणात पाण्याच्या बादल्या मांडल्या आणि व्हॅन मागे घेत बसले. मागे घे, पुढे घे, मागे घे, पुढे घे. बादल्या तीनदा सांडल्या. हे खिडकीतून टाळ्या वाजवत होते.

पुढच्या रविवारी पास झाले. त्या दिवशी खर्जसाहेबांनी शेवटची ओळ पूर्ण गुणगुणली, आणि सगळ्या टोप्यांपाशी स्वतः उतरून, वाकून बघून आले. मी त्यांना म्हटलं, आता हे तर अति झालं. ते म्हणाले, "तुमच्यासाठी नाही हो, माझ्यासाठी."

आणि त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी पावाची व्हॅन टेकडीवर नेली. सहाही जण फाटकाशी तयार होते. कुणी केस विंचरून, कुणी बूट चमकवून, आणि एक आजोबा तर आदल्या संध्याकाळपासूनच कपडे घालून बसले होते म्हणे. आजींना आम्ही पुढे बसवलं, माझ्या शेजारी. हे मागे बसले, तोंड सगळ्यांकडे करून. तिथे त्यांना हवं तेवढं डोळ्यांत बघता येत होतं, हात हवे तसे हलवता येत होते. मला आरशात ते दिसले आणि वाटलं, हा माणूस आता कुठे आपल्या जागेवर बसला.

"कसला छान वास येतोय गं," आजी म्हणाल्या.

"पावाचा. जातच नाही."

"नको जाऊ दे."

उतार सुरू झाला. मी पाय हलका केला. आजींनी पदर सारखा केला, बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"तू पहिल्या वेळी नापास झालीस ना?"

"झाले," मी म्हटलं. "माफ करा आजी. तुमचा एक रविवार गेला."

"गेला कसला!" त्या म्हणाल्या. "अगं, त्या दिवशी संध्याकाळी आला ना तो वर, सायकल नीट उभी केली नाही, तशीच टाकली भिंतीला. मला वाटलं काही झालं की काय. मी विचारलं, गाडी झाली का रे? तर लहान असल्यासारखा हसायला लागला. म्हणाला, आई, ती नापास झाली, आपणहून सांगून. आता तू चर्चचे कपडे कपाटातून काढून ठेव."

पुढे वळण होतं, रस्ता नीट बघणं भाग होतं.

"बघ हं," आजी म्हणाल्या, "पुढे चौक आहे."

चौकात एक बाई पिशव्या घेऊन उभी होती. मी थांबले. मागून यांचा आवाज आला, "जाऊ दे तिला." ती गेली. मग मी आजींकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि निघाले.